जुन्या बाइकची किंमत कोण ठरवतं?

गाडी तुमची, हप्ता तुमचा. मग विम्याच्या कागदावरचा आकडा दुसऱ्या कुणी का टाकायचा?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारून बघा. बीडचं केएसके असो, बलभीम असो की अंबाजोगाईचं योगेश्वरी, चित्र साधारण सारखंच. नव्याकोऱ्या गाड्या मोजक्या, बाकी सगळ्या वापरलेल्या. कुठली दादाला नोकरी लागल्यावर घरी राहिलेली, कुठली मामाकडून आलेली, कुठली पुण्यात स्वस्त मिळाली म्हणून आणलेली. एमएच २३ आणि एमएच ४४ च्या जोडीला एमएच १२, एमएच १४, एमएच २० च्या पाट्याही दिसतात.

त्यातल्या कुणालाही विचारा, गाडी केवढ्याला घेतली? आकडा तोंडपाठ. आज विकली तर किती येतील? तोही लगेच सांगणार, दोन-तीन हजार चढवूनच. आता तिसरा प्रश्न विचारा. विम्याच्या कागदावर तुझ्या गाडीची किंमत किती लिहिलीय? इथं मात्र गाडी अडते.

गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पार चेपली, तर पहिले दोन आकडे कामाला येत नाहीत. पैसे मिळतात ते तिसऱ्या आकड्यावरून. आणि गाडी पाच वर्षांहून जुनी असेल तर तो आकडा कंपनीने एकटीने ठरवायचा नसतो. तुमच्याशी बोलून, दोघांच्या संमतीने ठरायचा असतो. हे माहीत नसतं म्हणून आपण मोबाइलवर 'रिन्यू' दाबतो आणि समोर आलेला आकडा गुपचूप मान्य करून टाकतो.

आयडीव्ही म्हणजे काय?

आपल्याकडे विमा म्हटलं की डोळ्यासमोर येतो पीकविमा. २०२० मध्ये पीकविम्याचा ८०:११० चा 'बीड पॅटर्न' इथूनच सुरू झाला आणि देशभर गाजला. पीकविम्यात हेक्टरी किती रकमेचं संरक्षण, ते सरकार ठरवतं. शेतकऱ्याला त्यात घासाघीस करता येत नाही. त्यामुळे विमा म्हणजे वरून आलेला आकडा, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

गाडीचं तसं नाही. गाडीच्या पॉलिसीत 'आयडीव्ही' नावाचा एक रकाना असतो. लांब नाव इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू. सोप्या भाषेत, गाडीची विम्यापुरती जाहीर केलेली किंमत. पॉलिसी सुरू होते त्या दिवशी ती ठरते आणि वर्षभर तीच गाडीची बाजारातली किंमत मानली जाते. पॉलिसी घेतल्यावर अकराव्या महिन्यात गाडी चोरीला गेली, तरी 'अकरा महिन्यांत गाडी आणखी जुनी झाली' म्हणून कंपनीला त्यात कपात करता येत नाही.

म्हणजे एकदा ठरलेला आकडा वर्षभर तुमचा. म्हणूनच तो ठरतो कसा, हे कळायला हवं.

पहिली पाच वर्षं: सरळ हिशेब

गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर ठरलेला तक्ता आहे. तुमच्या मॉडेलची आजची कंपनीने जाहीर केलेली विक्री किंमत धरायची आणि गाडीच्या वयानुसार घसारा वजा करायचा. समजा, मॉडेलची आजची किंमत ८०,००० रुपये आहे. मग हिशेब असा:

• सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, आयडीव्ही ७६,०००
• सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, आयडीव्ही ६८,०००
• एक ते दोन वर्षं २० टक्के, आयडीव्ही ६४,०००
• दोन ते तीन वर्षं ३० टक्के, आयडीव्ही ५६,०००
• तीन ते चार वर्षं ४० टक्के, आयडीव्ही ४८,०००
• चार ते पाच वर्षं ५० टक्के, आयडीव्ही ४०,०००

यात दोन गोष्टी नीट बघा. एक, किंमत धरायची ती मॉडेलची आजची. दादाने चार वर्षांपूर्वी किती मोजले, त्याचा संबंध नाही. दोन, 'ऑन रोड' किंमत धरायची नाही. आरटीओची नोंदणी आणि विम्याचा खर्च यात येत नाही. वरून बसवलेले जादा दिवे, क्रॅश गार्ड, भारीतला हॉर्न यांची किंमत वेगळी सांगून पॉलिसीत चढवली नसेल, तर तीही धरली जात नाही.

पाच वर्षांनंतर: इथं सौदा सुरू

तक्ता पाच वर्षांवर संपतो. त्यापुढच्या गाड्यांसाठी आणि कंपनीने बनवणं बंद केलेल्या मॉडेलसाठी नियम वेगळा आहे. किंमत विमा कंपनी आणि गाडीमालक यांनी आपसात समजुतीने ठरवायची. मोटार विम्याच्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि पॉलिसीच्या छापील अटींमध्येही ते सापडतं.

आपल्या जिल्ह्याला हा प्रकार नवा नाही. नेकनूरच्या नाहीतर हिरापूरच्या बैलबाजारात जुन्या वस्तूची किंमत अशीच तर ठरते. बैलाच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी नसते. घेणारा आधी जबडा उघडून दात बघतो. दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला. मग चालवून बघतो, खांदा बघतो, खूर बघतो. त्यानंतर रुमालाखाली बोटांचा सौदा. वयावरून अंदाज बांधायचा, पण किंमत ठरवायची ती अंगातल्या ताकदीवरून.

पशुधन विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हेच तत्त्व आहे. दुभत्या जनावराची किंमत दुधावरून काढता येते. कामाच्या बैलाची मात्र पशुवैद्यकीय डॉक्टरांसमोर, मालक आणि कंपनी यांनी बाजारभाव बघून बोलणी करून ठरवायची. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात बैलजोडी म्हणजे हंगामाची कमाई. तिची किंमत कागदावर किती पडली, यावर त्या घराचं पुढचं वर्ष अवलंबून असतं.

तुमच्या सहा-सात वर्षांच्या बाइकचंही असंच. फरक एवढाच, की बैलबाजारात तुमचा माणूस समोर उभा राहून बोलतो. मोबाइलच्या स्क्रीनवर कुणी बोलतच नाही.

शिडाच्या बोटीची किंमत

जुन्या वस्तूची किंमत हा प्रश्न सगळ्यात नीट कुणी हाताळला असेल तर तो दर्यावर. आपल्या जिल्ह्याला किनारा नाही. आपलं मोठं पाणी म्हणजे माजलगावचं नाहीतर मांजराचं धरण. पण विम्याचा धंदा मुळात वाढला तो जहाजांमुळे, आणि तिथला एक नियम आपल्या कामाचा आहे.

गोव्यात बांधलेली 'म्हादेई' ही शिडाची बोट तुम्ही ऐकली असेल. नौदलाचे दिलीप दोंदे याच बोटीतून २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच बोटीतून कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारली. आता अशा बोटीची किंमत काढायची कशी? शोरूम नाही, दरपत्रक नाही, पाच वर्षांचा तक्ता नाही. वय वाढलं म्हणून किंमत घसरली म्हणावं, तर सांभाळलेली जुनी बोट दुर्लक्ष केलेल्या नव्या बोटीपेक्षा भक्कम असू शकते.

म्हणून जुन्या शिडाच्या बोटीचा विमा उतरवताना कंपनी बहुतेक वेळा तज्ज्ञाकडून तपासणी मागते. बोट पाण्याबाहेर काढून तळ बघतात. डोलकाठी, दोर, शिडं, इंजिन तपासतात. अहवाल बनतो आणि त्यात किंमतही लिहिली जाते. मग दोन रस्ते असतात. एक, ठरलेली किंमत: आज आपण दोघांनी जो आकडा लिहिला, बोट बुडाली तर तोच मिळणार. दुसरा, त्या वेळची किंमत: बोट बुडाली त्या दिवशी बाजारात ती जेवढ्याची होती तेवढेच मिळणार. पहिल्यात हप्ता जास्त, दुसऱ्यात वाद जास्त.

आपल्या देशात १९६३ चा सागरी विमा कायदा आहे. त्यातलं २९ वं कलम सांगतं, की पॉलिसीत किंमत ठरवून लिहिली असेल आणि त्यात लबाडी नसेल, तर ती किंमत दोन्ही बाजूंवर बंधनकारक. नुकसान झाल्यावर 'बोट एवढ्याची नव्हतीच' असं कंपनीला म्हणता येत नाही.

बाइकची आयडीव्ही ही याच विचाराची धाकटी बहीण आहे. आकडा आधी ठरवायचा आणि नंतर भांडायचं नाही. म्हणजे भांडायचं, घासाघीस करायची, ती आधीच.

दोनशे रुपयांत दहा हजार

ऑनलाइन रिन्यू करताना बहुतेक ठिकाणी आयडीव्हीची एक पट्टी दिसते. कमीत कमी इतकी, जास्तीत जास्त इतकी. समजा, तुमच्या सात वर्षांच्या गाडीसाठी २४,००० ते ३४,००० अशी पट्टी आली. 'सगळ्यात स्वस्त' दाखवायचं म्हणून बऱ्याचदा आकडा खालच्या टोकाला ठेवलेला असतो.

आता हिशेब करू. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता आयडीव्हीच्या टक्क्यांत असतो. प्रत्येक कंपनीचा दर वेगळा, पण उदाहरणासाठी १.७ टक्के धरू. २४,००० वर होतात ४०८ रुपये. ३४,००० वर ५७८ रुपये. फरक १७० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून साधारण २००. म्हणजे वर्षाला दोनशे रुपये वाचवण्यासाठी आपण दहा हजारांवर पाणी सोडतो. कँटीनमध्ये दोन दिवसांत जातात तेवढे पैसे.

मग आकडा जमेल तेवढा फुगवायचा का? तसंही नको. ३० हजारांच्या गाडीचे ६० हजार सांगितले तर कंपनी मान्य करणार नाही, आणि खोट्या माहितीवर घेतलेली पॉलिसी क्लेमच्या वेळी अंगाशी येते. तुमच्या मॉडेलची, तुमच्या वर्षाची, तुमच्या एवढी चाललेली गाडी आज बीडमध्ये केवढ्याला जाते, ते दोन-तीन जुन्या गाड्यांच्या डीलरकडे विचारा. ऑनलाइन जाहिराती बघा. त्याच्या आसपासचा आकडा मागा. पट्टीत तो बसत नसेल तर दुसऱ्या कंपनीची पट्टी बघा. एजंट असेल तर सरळ म्हणा, 'काका, आयडीव्ही एवढी कमी का? गाडीची सर्व्हिसिंग बघा, फोटो बघा आणि वाढवून द्या.'

सर्व्हिसिंगची बिलं, नव्या टायरची पावती, इंजिनचं काम केल्याचा कागद सांभाळून ठेवा. बोलणीच्या वेळी तेच तुमच्या गाडीचे दात.

क्लेम करताना हातात किती येतात?

इथं बऱ्याच जणांची फसगत होते. आयडीव्ही ३०,००० आहे म्हणून २०,००० चं गॅरेजचं बिल पूर्ण मिळेल, असं वाटतं. तसं होत नाही. आयडीव्ही ही पूर्ण नुकसानीसाठी. दुरुस्तीच्या वेळी बदललेल्या सुट्या भागांवर वेगळा घसारा लागतो.

रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे भाग, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांवर ५० टक्के. फायबरच्या भागांवर ३० टक्के. काचेवर काही नाही. बाकी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहा वर्षांच्या पुढे ५० टक्के.

समजा, सात वर्षांच्या गाडीचं बिल २०,००० झालं. त्यात मजुरी ४,०००, धातूचे भाग १०,००० आणि प्लॅस्टिक-रबर ६,०००. कंपनी देणार मजुरीचे ४,०००, धातूच्या भागांचे ६,००० आणि प्लॅस्टिक-रबरचे ३,०००. झाले १३,०००. त्यातून पॉलिसीत लिहिलेली सक्तीची वजावट जाणार. म्हणजे सात हजारांहून जास्त तुमच्या खिशातून. 'झिरो डेप' नावाचं जादा कव्हर घेतलं तर हा घसारा टळतो, पण जुन्या गाड्यांना ते प्रत्येक कंपनी देत नाही.

गाडी पूर्ण गेली असं कधी मानतात? पॉलिसीच्या अटींप्रमाणे धरलेला दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की. अशा वेळी आयडीव्हीच्या हिशेबाने पैसे मिळतात आणि मोडलेल्या गाडीचं काय करायचं, ते कंपनीशी ठरवावं लागतं. भंगाराची किंमत कोण घेणार, हे सही करण्याआधी विचारा.

चोरीचं वेगळं. गाडी गेली की आधी पोलिसांत एफआयआर, आणि त्याच दिवशी कंपनीला कळवा. पुढे गाडी सापडली नाही तर पोलिसांचा 'ए समरी' अहवाल लागतो. आरसी लागते आणि दोन्ही चाव्या लागतात. दुसरी चावी कुठं आहे, हे आजच घरी विचारा. एफआयआर वेळेत केला असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून क्लेम नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिलाय. पण त्या भरवशावर राहून उशीर करू नका. न्यायालयात जाणं हा शेवटचा मार्ग असतो.

थर्ड पार्टी की फुल?

'जुनी गाडी, थर्ड पार्टी बास झालं' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. ते चूक नाही, पण अर्धंच आहे.

थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाने सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दंड ४,०००. पण दंडापेक्षा भीती आहे ती वेगळी. तुमच्या गाडीचा धक्का लागून मांजरसुंब्याच्या घाटात कुणाचा जीव गेला आणि गाडीला विमा नसेल, तर न्यायाधिकरणाने ठरवलेली लाखांची भरपाई मालकाला भरावी लागते. आरसीवर वडिलांचं नाव असेल तर भार येतो वडिलांवर. घरची दोन एकर जमीन अशा वेळी धोक्यात येते.

थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेले वर्षाचे दर असे: ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५ ते १५० सीसी ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसी १,३६६ रुपये आणि त्यावर २,८०४ रुपये. जीएसटी वेगळा. गाडी नवी असो की बारा वर्षांची, दर तोच.

पण या विम्यात तुमच्या स्वतःच्या गाडीला रुपया मिळत नाही. चोरीला गेली तरी नाही, जळाली तरी नाही. त्यामुळे स्वतःला एकच प्रश्न विचारा. उद्या गाडी गेली तर दुसरी घ्यायला घरात पैसे आहेत का? गाडीची किंमत दहा-बारा हजार उरली असेल आणि ती गेली तर चालेल, असं असेल तर थर्ड पार्टी पुरे. पण रोज नेकनूरहून बीडला, नाहीतर केजहून अंबाजोगाईला याच गाडीवर कॉलेज असेल आणि दुसरी घेणं शक्य नसेल, तर पाच-सहाशे रुपये जास्त घालून स्वतःच्या नुकसानीचं कव्हर घ्या.

आणखी एक घोळ. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. त्यामुळे घरात सांगतात, 'पाच वर्षांचा विमा आहे, काळजी नको.' पण बऱ्याच पॉलिसींमध्ये स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर एकच वर्षाचं असतं. ते दर वर्षी वेगळं घ्यावं लागतं. कागदावर दोन तारखा असतात. दोन्ही वाचा.

गाडी कुणाच्या नावावर?

जुनी गाडी घेताना चावी हातात पडली, की आपण खूश. नाव बदलायचं 'बघू नंतर'. इथंच खरा खड्डा आहे.

गाडी विकली की थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे गेला असं कायदा मानतो. स्वतःच्या नुकसानीचं कव्हर मात्र तसं जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. ती केली नाही आणि तिसऱ्या महिन्यात गाडी चेपली, तर आधीचा मालक म्हणणार गाडी माझी नाही, कंपनी म्हणणार पॉलिसी तुमची नाही.

'नो क्लेम बोनस'ही गाडीचा नसतो, माणसाचा असतो. क्लेम न करणाऱ्याला पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. दादाची सूट तुम्हाला लागत नाही. त्याच्या सुटीवर पॉलिसी तशीच पुढे चालवली तर क्लेमच्या वेळी ते बाहेर येतं. आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर स्वतःची साठलेली सूटही जाते.

विकणाऱ्यांनीही जागं राहावं. गाडी विकली, पण आरसीवर नाव तुमचंच राहिलं, आणि त्या गाडीने अपघात केला, तर भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकाची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय. त्यातली गाडी विकल्यानंतर एकाहून अधिक हातांतून फिरली होती. जबाबदारी मात्र कागदावरच्या पहिल्या मालकावरच आली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॉलिसीसोबत मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. नाव नीट वाचा: मालक-चालक. आरसीवर ज्याचं नाव आणि ज्याच्याकडे लायसन्स, त्याच्यासाठी. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि चालवताना तुम्ही घसरलात, तर हे १५ लाख तुमच्यासाठी नाहीत. रोज गाडी तुम्हीच चालवत असाल, अठरा वर्षं पूर्ण असतील आणि लायसन्स असेल, तर गाडी तुमच्या नावावर करायची का, हे घरी एकदा बसून बोला. तोवर बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण. गाडी कुणाचीही असो.

पटलं नाही तर?

सर्व्हेअरने लावलेला हिशेब पटला नाही, तर गप्प बसू नका. त्याचा अहवाल लेखी मागा. कोणत्या भागावर किती टक्के कापले, ते बिलाशी जुळवून बघा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथं फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. विमा नियामकाचा १५५२५५ हा टोल फ्री नंबरही आहे.

आणि एक, सर्व्हे होण्याआधी गाडी खोलू नका. ओळखीचा मेस्त्री कितीही घाई करू दे, आधी फोटो, मग फोन, मग सर्व्हेअर आणि त्यानंतर पाना.

रिन्यू दाबण्याआधी हे बघा

• पॉलिसीत आयडीव्हीचा रकाना शोधा. तिथं काहीच नसेल तर तुमची पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची आहे.
• तशीच गाडी आज गावात केवढ्याला जाते, ते तीन ठिकाणी विचारा.
• आयडीव्हीची पट्टी खालच्या टोकाला आहे का? वर सरकवून हप्ता किती वाढतो ते बघा.
• किमान दोन कंपन्यांचे आकडे सारख्याच आयडीव्हीवर ताडून बघा. वेगवेगळ्या आयडीव्हीवर 'स्वस्त-महाग' ठरवू नका.
• आरसी, पॉलिसी आणि लायसन्स या तिन्हींवर नाव कुणाचं, ते जुळवा.
• आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा अजून दिसत असेल तर तो उतरवून घ्या. नाहीतर क्लेमच्या पैशांवर पहिला हक्क त्यांचा.
• दुसरी चावी, सर्व्हिसिंगची बिलं आणि गाडीचे चारही बाजूंनी फोटो एका जागी ठेवा.
• आरसीची मुदत बघा. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते.

हे सगळं वाचायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात तुमची पॉलिसी उघडून तो एक आकडा शोधता येईल. मोबाइलमध्ये नसेल तर वडिलांना विचारा, त्यांच्याकडे नसेल तर एजंटला फोन लावा. आणि आकडा कमी वाटला, तर पुढच्या रिन्यूला घासाघीस करा. बैलबाजारात जाणाऱ्या घरातल्या पोराला ती शिकवावी लागत नाही.